दोन घास

समुपदेशन केंद्रातलं यंत्र दुःखी माणसापुढे मालिकेतला लाडका नायक उभा करी. हेरवाडकरबाईंच्या वाट्याला नेमका कॅप्टन इंद्रायुध आला. अकरा वर्षं त्यांनीच त्याचे संवाद लिहिले होते.

“प्रत्येक वादळ कधीतरी थकतंच, ताई.”

बाईंनी नाक मुरडलं. भाग चार सेकंद कमी भरला म्हणून खरडलेलं हे वाक्य, आणि शेजारच्या खोलीत कुणी खुळी त्यावर हुंदके देत होती.

“नवरा गेलाय माझा. ही भरताड नको.”

“मग आधी दोन घास खा,” इंद्रायुध म्हणाला, “रडायलाही ताकद लागते.”

बाईंची आई गेली तेव्हा नवरा हेच म्हणाला होता, आणि त्यांनी ते गुपचूप मालिकेत घातलं होतं. तो भाग बघायला नवरा हौसेने बसला, तेव्हा “असला कचरा काय बघता,” म्हणत त्यांनीच टीव्ही बंद केला होता.