टाकी भरत नव्हती

१९९४च्या उन्हाळ्यात पळसदेवला शिबिरासाठी आलेल्या फिरत्या दवाखान्याच्या जुन्या गाडीच्या टाकीत पाणी भरेना. गेणबा फिटरनं नळी, व्हॉल्व्ह, सगळे जोड तपासले. तासभर पाणी आत जात होतं, तरी टाकी कोरडीच.

"गळतंय का कुठं?" नर्स मेघनाताईंनी विचारलं.

"न्हाय, ताई. खाली थेंब न्हाय."

त्यानं टाकीला कान लावला. आत कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं.

गेल्या साली याच गाडीतून बारामतीला नेताना त्याची बायको कुशाबाई वाटेतच गेली. शेवटपर्यंत ती पाणी मागत होती आणि गाडीत पाणी नव्हतं.

मेघनाताई नळ बंद करायला वळल्या.

"ऱ्हाऊ द्या, ताई," गेणबा म्हणाला. "पिऊ द्या तिला."

घोटांचा आवाज थांबला. मग आतून कुशाबाईनं हळूच विचारलं, "तुमी पिलं का?"