लेन्समधली खोट

नव्या झूम लेन्समध्ये खोट काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. परीक्षेसाठी ठरलेलं गिऱ्हाईक एकच: खिडकीपाशी घड्याळं दुरुस्त करत बसलेले बाबा.

"हलू नका हं, बाबा."

"अरे, घड्याळजीच हलला तर खाणार काय?"

त्याने फोटो स्क्रीनवर मोठे करून पाहिले. तबकडीवरचे मुंगीएवढे आकडे स्वच्छ, बाबांच्या भुवईचा केसन्‌केस स्वच्छ. चिमटा धरलेली बोटं तेवढी प्रत्येक फोटोत धूसर. गेल्या वर्षीच्या, जुन्या लेन्सच्या फोटोंत तीच बोटं लख्ख होती.

पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटलं, खोट लेन्समध्येच असू दे.

"बाबा, जरा बघता का..."



"लेन्सच भिकार आहे, परत करून टाक," फोटोकडे न बघताच बाबा म्हणाले आणि त्यांनी हात टेबलाखाली घेतला.