हिरड्याचा काळा

हिरड्याच्या काढ्यात गंजक्या लोखंडाचं पाणी घातलं की सूत पक्कं काळं होतं. माझे हातही. ते बघितले की माझा लहानगा हर्षित रडत नणंदेकडे, प्रेमाकडे पळायचा आणि तिच्या स्वच्छ हातून गुपचूप जेवायचा. माझा जीव जळायचा.

आज तिला बोललेच, "परवा तुझी हळद. मग कोणाकडं पळतो बघते."

प्रेमानं दोन्ही हात कोपरापर्यंत गार झालेल्या रंगात बुडवले.

"अगं, लग्नात असे काळे हात?" मी ओरडले.

ते हात तिनं हर्षितपुढं नाचवले. "बघ रे, आत्याचे पण आईवानीच!" मग मला म्हणाली, "मी गेल्यावर त्याला तुझेच हात हायत, वैनी. त्यांना भ्याला तर जेवंल कसा?"