डावीकडची हाक

अमेरिकन फुटबॉल संघाचा नवखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, कोल्बी दोन सामन्यांत चार वेळा आडवा झाला आणि चारही वेळा धडक डावीकडून आली. त्याला राखणाऱ्या पाच गड्यांना गुण देण्याचे काम त्यांच्या कोचचे, वेंडेलचे. "उद्यापर्यंत एक नाव दे. त्याला घरी पाठवतो," मुख्य कोच म्हणाला.

नाव उघड होते. डाव्या टोकाचा डेमन. महिन्यापूर्वी याच डेमनने वेंडेलच्या बायकोच्या शवपेटीला खांदा दिला होता.

वेंडेलने त्याला बोलावून सामन्याची चित्रफीत दाखवली. "डावीकडून माणूस येतोय आणि तू वळतोस उजवीकडे! झोपला होतास काय रे?"

"डावीकडे वळायची हाक कोल्बीने द्यायची असते. ती आलीच नाही, कोच."

"का? कोल्बी मुका आहे?"

डेमन उठून दाराकडे वळला.

"अरे बोल की! नोकरी जातेय तुझी."

"त्या हाकेला तुम्हीच तुमच्या बाईंचं नाव ठेवलंय, कोच. तुम्ही कडेला उभे असताना 'लोर्ना' असं ओरडायला त्याची जीभ रेटत नाही."



सकाळी वेंडेलने मुख्य कोचच्या हातात कोरा कागद ठेवला, आणि सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभा राहून, कोल्बीकडे बघत तो स्वतःच घसा फोडून ओरडला, "लोर्ना!"