आजीचा डगला
पुतळ्यावरच्या डगल्याचे खांदे पुन्हा उतरले. कटिंग मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून पुतळ्यात खुपसल्या आणि ते मागे सरकले.

"मॅडम, कटिंगमध्ये चूक नाही. मूळ डगलाच असा आहे."

धाकटीने मान डोलावली, पण तिला काही उमगत नव्हतं. घरात सगळ्यांत लहान म्हणून ती अजून धाकटीच होती. बाहेर मात्र तिच्या नावाच्या पाट्या लागल्या होत्या. उद्या फॅशन शो. तिचं पहिलं मोठं कलेक्शन, आणि त्याचा सगळा डोलारा आजीच्या एका डगल्यावर उभा. नदीकाठच्या गावावर डोंगरावरचे लोक चालून आले, तेव्हा आजी दोन पोरांना घेऊन अंगावरच्या या डगल्यानिशी बाहेर पडली आणि सरहद्द ओलांडून इथे आली. धाकटीने लहानपणापासून एवढंच ऐकलं होतं आणि तिला ते पुरलंही होतं. 'या प्रत्येक टाक्यात माझ्या नदीकाठच्या माणसांचा श्वास आहे,' असं तिने माहितीपत्रकात लिहिलं. वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की निमंत्रणावरही छापून टाकलं.

आता तेच वाक्य तिला खायला उठलं होतं. आजी जेमतेम धाकटीच्या खांद्याला लागायची. डगला मात्र चांगल्या उंचनिंच मॉडेलच्याही घोट्यापर्यंत येत होता आणि बाह्या बोटांखाली लोंबत होत्या. पट्ट्याची गाठ उजवीकडे. जुन्या फोटोंत नदीकाठच्या झाडून सगळ्या बायकांची डावीकडे. त्यात सकाळी संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. काठावरची लाल नक्षी डोंगरावरच्यांची आहे, यात शंकाच नको, असं त्या म्हणाल्या. धाकटीने वाद घातला. त्यांनी आपल्याकडून उचलली असेल, नाहीतर आपण त्यांच्याकडून, नाहीतर बाजारात आयती मिळाली असेल. फोन ठेवला तेव्हा तिचं डोकं आणखी गरगरत होतं. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी तेव्हा अंगावर पीत होतो. मला काय विचारतेस?"

उरली आत्या. ती तेव्हा चांगली कळत्या वयाची होती. पण तिकडचा विषय निघाला की आत्याला नेमकी भाजी निवडायची आठवण व्हायची. आज धाकटीने गाडी पाठवून तिला बोलावूनच घेतलं. आत्याने एकदा 'हो गं, हे आपलंच' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मग खांदे उतरोत, नाहीतर बाह्या लोंबोत.

आत्या जिने चढून धापा टाकत आली आणि दारातच थबकली. समोर दांडीवर ओळीने डगले टांगले होते. काळे, करडे, विटकरी, आणि सगळ्यांच्या काठाला तीच लाल नक्षी. आत्याने चौकट घट्ट धरली.

"आत्या! काय होतंय तुला?"

"एवढे डोंगरावरचे एकदम..." आत्या पुटपुटली. "त्या दिवसानंतर बघितले नव्हते गं."

धाकटीने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मास्तर टेप गळ्यात अडकवून बाहेर गेले.

"म्हणजे हा आपला नाही?"

"आपला कसा असेल? आपले गुडघ्याच्या वर असायचे. निळे. लांबून ओळखू यायचे."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. नाव, निमंत्रणं, माहितीपत्रक, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ज्यांनी आजीला हाकललं, त्यांचेच डगले तिने हौसेने नक्षी काढून ओळीत टांगले होते. आणि आजी? ती त्यांच्या कपड्यात कशी? एक भलतीच शंका तिच्या मनात आली आणि तोंडातून निघूनही गेली.

"आजीने कुणाच्या अंगावरून ओरबाडला का हा?"

"जीभ आवर!" आत्या ताडकन उठली. "शेजारीण होती आमची. डोंगरावरचीच, ताडमाड उंच. ते लोक येताहेत म्हटल्यावर धावत आली. ऐन थंडीचे दिवस, तरी अंगातला काढून आईला घातला. म्हणाली, मान खाली घाल आणि चालत राहा, तुला कुणी अडवणार नाही."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"आईने बोलू दिलं नाही."

आत्या पुतळ्यापाशी गेली. तिने डगल्याच्या गळपट्टीवरून हात फिरवला, टाचण्या टोचतील इकडे लक्ष न देता. धाकटी बघत राहिली. रद्द करावं सगळं? की ओठ मिटून उद्या पार पाडावं? शेवटी कपडे शिवणाऱ्या बाईलाच सुचेल असा प्रश्न तिने विचारला.

"ऐन थंडीत अंगातला काढून दिला म्हणतेस. मग तिच्या अंगावर काय राहिलं?"

"आईचा निळा डगला. तिनेच मागून घेतला." आत्याचा हात गळपट्टीवरच थांबला. "वळणावरून मी मागे बघितलं, तर ती आमच्या दारात उभी होती. सगळ्यांना दिसेल अशी, गुंडाळलेली उशी लेकरासारखी कडेवर धरून. म्हणून आमच्या मागे कुणी आलं नाही."