साखरपाणी

"हरलो तर अर्धी मिशी. भर चौकात, तुझ्याच खुर्चीत," नळवाला म्हणाला.

सलूनवाल्याने लगेच टाळी दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर काकू वारून दोन महिने झाले होते, तरी रोज संध्याकाळी सहाला त्यांच्या खिडकीतून त्यांचाच आवाज येई. काकूच येतात, असं सलूनवाल्याचं म्हणणं. नळवाला म्हणे, "रेडिओ असेल. तुझं डोकं आतूनही भादरलेलं आहे."

सहाला पाच कमी असताना तो पाना घेऊन वर गेला. खाली गळतंय, अशी थाप मारली. काकूंच्या यजमानांनी, काकांनी दार उघडलं.

टेबलावर काचेची मोठी बरणी होती. आत नळी सोडलेली, पिवळट पाणी हळूहळू बुडबुडत होतं. झोपेत कुणी श्वास घ्यावा तसं.

"अहो, साखरपाणी दिलंत का?"

पाना हातातून पडला.

"दिलं," काका म्हणाले आणि त्यांनी मोबाइल बंद केला. "मी विसरभोळा. जाण्याआधी तिने रोजचा गजर लावून ठेवला, स्वतःच्या आवाजात."

"आणि हे?"

"बुरशी. हिच्याकडून औषध करून घ्यायला तिने घराएवढ्या टाक्या उभ्या केल्या होत्या. तुमची लेक त्याच इंजेक्शनांवर उठली. कारखाना बुडाला, टाक्या भंगारात गेल्या. उरली ती एवढीच. उपाशी ठेवली की संपली." काकांनी आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका. घरात जंतू पाळलेत म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी उद्याच मोरीत ओततील."

खाली सगळे माना वर करून उभे होते.

"काय मग? रेडिओच ना?" सलूनवाल्याने विचारलं.

नळवाल्याने मिशीवरून एकदा बोट फिरवलं. सोळाव्या वर्षापासून जपलेली मिशी.

"काकूच आहेत," तो म्हणाला. "वर फिरकू नका म्हणाल्या. सेक्रेटरींना तर नाव घेऊन सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात खुर्ची मांडली गेली. अर्धी मिशी उतरली तशी माणसं पोट धरधरून हसली. लेकीने तर फोटोही काढला.

मग सहा वाजले.

"अहो, साखरपाणी दिलंत का?"

वस्तरा हवेतच थांबला. कुणी वर बघेना.

खुर्चीतला नळवाला फेसाच्या आडून हळूच पुटपुटला, "दिलं."