शाम्पूचा खोका

“तू तोंड उघडायचं नाही. दाखवतील तिथे सही करायची आणि बाजूला व्हायचं,” नवरा म्हणाला आणि त्याने खोका कुरियरच्या काउंटरवर आदळला. आत काहीतरी डचमळलं.

तिने मान हलवली. लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत आली होती. हिला हिशेब जमत नाही, हिला चार माणसांत बोलता येत नाही, हिला अक्कल बेताचीच. हे मत आता इतकं जुनं झालं होतं, की तिच्या नणंदांनाही पाठ होतं. धंद्यात डोकं त्याचं आणि हात हिचे. नखांचा रंग काढायचं द्रावण मोठ्या कॅनमधून नरसाळ्याने बाटल्यांत भरायचं तिने, टोपणं आवळायची तिने, त्याच्या वासाने भणभणणारं डोकं गॅलरीत बसून धरायचं तेही तिनेच. तो पंख्याखाली लोळत फोनवर ऑर्डरी घ्यायचा आणि त्याला मार्केटिंग म्हणायचा.

“आत काय आहे?” काउंटरवरच्या बाईने विचारलं.

“शाम्पू.”

“पेटणारं काही? स्प्रे, बॅटरी, अ‍ॅसिड, थिनर?”

“शाम्पू पेटतो का हो?” नवरा रांगेकडे वळून हसला. “रोज तीच पोपटपंची. वरच्यांनी नियम काढायचे आणि यांनी आमचं डोकं खायचं. विमानाने पाठवा. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

काउंटरवरच्या बाईने कागद पुढे सरकवला. आतल्या मालात धोकादायक काहीही नाही, असं त्यावर छापलेलं होतं. “पाठवणाऱ्याची सही.”

नवऱ्याने हनुवटीनेच बायकोकडे खूण केली. “दुकान हिच्या नावावर आहे.”

हे सांगताना त्याचा चेहरा दानशूर व्हायचा. दुकान तिच्या नावावर केलं, त्या दिवशी त्याने तिच्या माहेरी स्वतः फोन लावून सगळ्यांना सांगितलं होतं. तिची आई रडली होती. तिलाही वाटलं होतं, बोलायला फटकळ असला तरी माणूस मनाने वाईट नाही.

तिने पेन घेतलं. काउंटरवरच्या बाईचं नाक हललं.

“ताई, हाताला वास कसला येतोय?”

तिने हात मागे घेतला. तिच्या आधी नवराच बोलला, “तिचं काय घेऊन बसलात? आंघोळीचा कंटाळा आहे तिला.”

रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

काउंटरवरची बाई हसली नाही. “मागे असाच एक खोका आमच्या गाडीत पेटला, ताई. वर कपडे लिहिलं होतं. माल चढवणाऱ्या आमच्या माणसाचा हात कोपरापर्यंत गेला. पोलीस आले ते सही करणाऱ्याच्या दारात. माल कोणी भरला, पैसे कोणी घेतले, कोणी विचारत बसलं नाही. सही तुम्ही करताय, म्हणून सांगते.”

तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. टोकांची कातडी पांढरी पडून सुटली होती. मग तिला तो दुसरा हात दिसू लागला, कोपरापर्यंतचा. याआधीही तिने सह्या केल्या होत्या. ते खोके विमानात कोणाच्या पायाखाली उडत गेले असतील? पोचले म्हणून पोचले.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “खरं सांगून टाकू या. ट्रकने जाऊ दे.”

तो तिच्या कानाशी वाकला. “वेडी आहेस का? ट्रकने जाईपर्यंत गिऱ्हाईक काय वाट बघत बसणार आहे? आणि घाबरतेस कशाला? इतके गेले, कधी काही झालं?”

“झालं तर?”

“झालं तर आत तू जाशील. माझं नाव कशावर आहे?” त्याने डोळे मिचकावले. स्वतःच्या हुशारीचं त्यालाच कौतुक आवरेना. “उगाच नाही सगळं तुझ्या नावावर केलं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाचा तिला पुष्कळदा राग आला होता, त्याहून जास्त वेळा भीती वाटली होती. आज त्यातलं काहीच वाटेना. त्याची मऊ, स्वच्छ बोटं काउंटरवर तबला वाजवत होती. ज्याला घाबरून इतकी वर्षं आवाज खाली ठेवला, तो एवढासाच होता.

तिने पेन खाली ठेवलं. “ताई, कात्री आहे?”

“ए, काय करतेस?” नवरा ओरडला. तोवर बाईने दिलेल्या कात्रीने तिने चिकटपट्टी कराकरा कापली होती. एका बाटलीचं टोपण सैल होतं. उग्र वास वर आला आणि रांग दोन पावलं मागे सरकली. मघाशी हसणारा आता नाकाला रुमाल लावून उभा होता.

“हे पेटतं,” ती काउंटरवरच्या बाईला म्हणाली. “मीच भरलंय.”

“खोका आम्ही अजून ताब्यात घेतलेला नाही, म्हणजे गुन्हा नाही,” ती बाई म्हणाली. “खरं काय ते लिहा. गळणारी बाटली काढा, बाकीच्या नीट बांधून आणा. वर लाल लेबल लागेल आणि ट्रकने जाईल. उशीर होईल.”

“होऊ दे.”

“होऊ दे म्हणजे? कोणाला विचारून?” नवऱ्याचा आवाज चिरकला. “ओ मॅडम, हिचं ऐकू नका. माझ्याशी बोला. धंद्यातलं हिला काय कळतंय?”

काउंटरवरच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“ताई, हे तुमच्या दुकानात कोण?”

“दुकानात? कोणी नाही,” ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “खोका उचलायला आलेत.”